बसचा मार्ग आणि ‘अवघड’ प्रश्नांविषयीचे गैरसमज

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये कर्मचाऱ्यांना आणणाऱ्या बसचा मार्ग आखताना दोन प्रश्न उभे राहतात आणि ते एकाच जातीचे आहेत असा सर्रास समज असतो. आलेखात, म्हणजे थांब्यांचे बिंदू आणि त्यांना जोडणारे रस्ते यांच्या जाळ्यात, कोथरूडहून हिंजवडीची सर्वांत जवळची वाट शोधणे हे सोपे काम असून डायक्स्ट्रा यांची 1959 मध्ये प्रसिद्ध झालेली रीत ते क्षणात करते. वाटेतील वीस थांबे घेत जाण्याचा सर्वांत कमी अंतराचा क्रम ठरवणे मात्र ‘एनपी-कठीण’ गणले जाते.

एनपी म्हणजे न सुटणारे, हाही गैरसमजच. हाती आलेले उत्तर झटपट पडताळता येते असे प्रश्न एनपी वर्गात मोडतात आणि त्यांतील सर्वांत अवघड प्रश्नांइतके तरी अवघड असणारे ते एनपी-कठीण. थांब्यांचा क्रम ठरवण्यासारख्या एनपी-कठीण प्रश्नासाठी झटपट रीत आजवर सापडलेली नाही, पण ती असूच शकत नाही हेही सिद्ध झालेले नाही.

वेगवान यंत्र आले की अडचण मिटेल, ही आशा सर्वांत फसवी आहे. पुण्यात 2007 मध्ये उभारलेला ‘एका’ महासंगणक सेकंदाला सुमारे 118 लाख कोटी आकडेमोडी करीत असे. एका आकडेमोडीत एक क्रम तपासला असे धरले, तरी वीस थांब्यांचे सारे क्रम तपासण्यास त्याला जवळपास सहा तास लागले असते आणि पंचवीस थांब्यांना चार हजारांहून अधिक वर्षे. याउलट, आधी काढलेली छोटी उत्तरे जपून ठेवणारी हेल्ड आणि कार्प यांची 1962 ची रीत तेच पंचवीस थांबे सुमारे दोन हजार कोटी आकडेमोडींत हातावेगळे करते, म्हणजे साध्या संगणकावर काही मिनिटांत. खरी बचत रीतीत आहे.

जवळपासचे उत्तर म्हणजे अंदाजपंचे, हेही खरे नाही. क्रिस्टोफिडीस यांच्या 1976 च्या रीतीने आखलेली फेरी सर्वोत्तम फेरीच्या दीडपटीपेक्षा लांब होत नाही, हे सिद्ध आहे. मात्र जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे असावे ही तिची अट हिंजवडीतील एकेरी रस्ते मोडतात, म्हणून ही हमी तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही. थांब्यांवरचे गट न फोडता कमीत कमी बस भरण्याच्या प्रश्नावर आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी कार्प यांच्यासह 1982 मध्ये अशीच हमी देणारी रीत मांडली.

अचूक उत्तराचा मार्गही बंद नाही: 2006 मध्ये 85,900 बिंदूंची फेरी सर्वोत्तम असल्याच्या सिद्धतेसह सोडवली गेली.