मोठ्या आतड्याचा कर्करोग

अन्नमार्गाच्या शेवटी असलेले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. अन्नातील उरलेले पाणी शोषून घेणे व मळ साठवून बाहेर टाकणे, हे त्याचे कार्य होय. त्याच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झडतात आणि काही दिवसांतच नव्या पेशी त्यांची जागा घेतात. पेशींच्या या वाढीवर जनुकांचे नियंत्रण असते. त्यांत बिघाड झाला म्हणजे अस्तरावर लहानशी गाठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. परंतु काहींमध्ये एकामागून एक बिघाड साचत जाऊन कर्करोग उद्भवतो. यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रोगाची ही संथ गती हीच मनुष्याला लाभलेली संधी आहे.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या तीन अवस्था वर्णिल्या. पहिलीत रोग आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असतो, दुसरीत तो भिंत ओलांडतो आणि तिसरीत लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतो. पहिल्या अवस्थेत शस्त्रक्रियेने रोग बरा होण्याची आशा सर्वाधिक असते.

पुढे त्याही आधीची पायरी हाती आली. १९६९ साली न्यूयॉर्क येथे शिन्या व वुल्फ या शल्यचिकित्सकांनी लवचिक दुर्बीण-नळीतून तारेचा फास घालून, पोट न उघडता, मोठ्या आतड्यातील पॉलिप काढण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पॉलिप काढलेल्या १,४१८ व्यक्तींवर सरासरी सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवले असता अवघ्या पाच जणांत कर्करोग आढळला. तोही प्राथमिक अवस्थेत. एरवी ही संख्या कितीतरी अधिक झाली असती.

मात्र पॉलिप बहुधा दुखत नाही. तो गुपचूप थोडे थोडे रक्त गाळतो. डोळ्यांना न दिसणारे हे रक्त मळाच्या साध्या तपासणीत सापडू शकते. रक्त दिसू लागले, तरी अनेक जण ते मूळव्याधीचे समजून संकोचाने गप्प राहतात. मूळव्याध असणे शक्य असते, हे खरे; पण दोन्ही रोगांत रक्त पडते आणि त्यांतील भेद तपासणीवाचून कळत नाही. शौचाच्या सवयीत झालेला व टिकून राहिलेला बदल, अकारण घटणारे वजन आणि रक्तक्षय हीही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. निसर्गाने दिलेली अनेक वर्षांची सवलत केवळ लाजेपायी दवडली जाऊ नये.