बाळंतपणाची कंबर

दुखणें अंगावर काढणें हा आपल्या घरांतील स्त्रियांचा जणूं एक गुणच समजला जातो. तो गुण मजमध्येंहि होता, आणि त्याची किंमत मला वयाच्या २९ व्या वर्षीं कळली. माझी हकीकत वाचून एखादी भगिनी वेळींच सावध झाली, तर ती लिहिल्याचें सार्थक होईल.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मुलाला तीन महिने पुरे झाले. त्याला वज्रेश्वरीच्या पायांवर घालण्याचें सासूबाई बोलल्या होत्या. म्हणून ठाण्याहून आम्ही सर्व मंडळी निघालों. वसईच्या मोहिमेंत चिमाजीअप्पांनीं देवीला नवस केला आणि १७३९ सालीं विजय मिळाल्यावर तो फेडला, ही गोष्ट मामंजी वाटेंत मुलांना सांगत होते. दर्शन आटोपून आम्ही जवळच अकलोलीस गेलों. भिवंडी तालुक्यांतील हें गांव तानसा नदीच्या कांठीं असून तेथील गरम पाण्याचीं कुंडें प्रसिद्ध आहेत. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातें, भूगर्भांतील उष्णतेनें तापतें आणि पुन्हां वर येतें. उन्हवरें, तुरळ, राजापूर अशी कोंकणांत या झऱ्यांची मालिकाच आहे. सांधे व पाठ धरलेलीं माणसें तेथें मोठ्या विश्वासानें येतात.

माझीहि पाठ तीन आठवडे दुखत होती. "बाळंतपणाची कंबर, दुसरें काय!" असें सर्वांनीं ठरविलें होतें, आणि मींहि. शेक, तेलाचें मर्दन, डिंकाचे लाडू हें सर्व चालूंच होतें. कुंडाजवळ ओल्या कपड्यांची बादली उचलावयास मी वांकलें आणि पाठींत कांहीं मोडावें तशी कळ आली. मी मटकन् खालीं बसलें. जाऊबाईंनीं धरून मला पाण्यांत बसविलें. त्या उबेनें अर्धा तास बरें वाटलें. परंतु परतीच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला डोळ्यांपुढें अंधारी येई.

रात्रीं मला कुशीवर वळतां येईना. सकाळीं पुन्हां पाठ रगडण्यासाठीं तेल ऊन केलें गेलें, तेव्हां ८६ वर्षांच्या आजेसासूबाई पुढें झाल्या. त्यांची पाठ धनुष्यासारखी वांकलेली. त्या म्हणाल्या, "पोरी, माझीहि पाठ अशीच एके दिवशीं गेली. हंडा उतरवीत होतें. कुणीं पाहिली नाहीं नि मीं दाखवली नाहीं. तेल राहूं दे. तूं आधीं फोटो काढून घे."

क्ष-किरणांच्या चित्रांत जें दिसलें तें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें. पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला असे दोन मणके पुढच्या बाजूनें दबून पाचरीच्या आकाराचे झाले होते. बरगड्यांनीं जखडलेली वरची पाठ आणि मोकळी कंबर यांचा सांधा येथेंच असतो. म्हणून मणके बहुधा येथेंच खचतात. सुदैवानें मज्जारज्जूला इजा झाली नव्हती.

पण तरुण माणसाचे मणके एका बादलीनें कां दबावे? डॉक्टरांनीं प्रथम क्षयाची शंका घेतली, कारण मणक्यांचा क्षय आपल्या देशांत अद्यापि आढळतो. तो नव्हता. थायरॉईडची तपासणी झाली, स्टेरॉईडचीं औषधें कधीं घेतलीं होतीं काय तें विचारलें. अखेर हाडांची घनता मोजली, ती फारच कमी निघाली. 'ड' जीवनसत्त्वहि अपुरें होतें. गर्भारपण व स्तनपान यांच्या काळांत क्वचित् होणारी ही अस्थिविरळता होती. नॉर्डिन व रोपर यांनीं १९५५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत अशा स्त्रियांची माहिती दिली होती. दुधांतील कॅल्शियमचा कांहीं भाग आईच्या हाडांतून जातो. बहुतेकींची ही झीज थोडी असते आणि मूल दूध सोडतें तेव्हां ती भरून निघते. म्हणून अंगावर पाजण्याचें भय कोणीं मुळींच बाळगूं नये. एखादीचींच हाडें आधींपासून विरळ असतात आणि तिचा मणका तो भार सोसूं शकत नाहीं.

बारा आठवडे पाठीला पट्टा, वांकणें व उचलणें बंद, आणि बाळाचें अंगावरचें दूध तोडावें, असा सल्ला मिळाला. शेवटची गोष्ट ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. माझेंहि मन घेईना. दोन दिवस मीं बाळाला लपून पाजलें. सासूबाईंच्या तें ध्यानांत आलें. त्या रागावल्या नाहींत. "त्याला दूध दुसरें मिळेल," त्या म्हणाल्या, "आई कोठून आणायची?" डॉक्टरांनीं सांगितलेलें डब्याचें दूध त्यांनीं स्वतः बाळाला पाजलें.

मग घराची घडीच बदलली. मामंजी बादल्या भरूं लागले, धाकटे भावोजी बाळाला न्हाऊं घालावयास शिकले. मी बसलें म्हणजे बाळ माझ्या मांडीवर आणून देत. "दिसतेस तर चांगली!" असें येणारे-जाणारे म्हणत, तें मात्र फार लागे.

पट्टा निघाला, हळूहळू व्यायाम सुरू झाले, वेदना गेली. हाडांची घनताहि सुधारत आहे. दबलेले मणके मात्र पूर्वीच्या आकाराचे होत नाहींत. माझी उंची दोन सेंटिमीटर कमी झाली ती झालीच.

अकलोलीच्या पाण्याला मी दोष देत नाहीं. उबेनें आखडलेले स्नायू सैल होतात. मोडलेलें हाड तिला कळत नाहीं. एकाएकीं उठलेली कळ, कुशीवर वळतांना होणारी असह्य वेदना, रात्रीं वाढणारें दुखणें, ताप किंवा वजन घटणें यांपैकीं कांहींहि असेल तर पाठ रगडूं नये, डॉक्टरांस दाखवावी. पायांत बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरील ताबा गेला, तर एक तासहि दवडूं नये.

माझ्यानंतर आजेसासूबाईंचाहि फोटो काढला. तीन मणके केव्हांच खचलेले होते. वयानें वांकल्या असें आम्ही सर्व समजत होतों. आणखी मणके खचूं नयेत म्हणून आतां त्यांचें औषध सुरू आहे. माझी पाठ त्यांनीं एका रात्रींत ओळखली. त्यांची आम्हीं पंचवीस वर्षें पाहिली नव्हती.