मोरी का तुंबते?

गणेशपुरी हे भिवंडी तालुक्यातील तानसा नदीच्या खोऱ्यातील गाव. उष्ण पाण्याची कुंडे व स्वामी नित्यानंदांचे समाधिमंदिर यांमुळे येथे यात्रेकरूंची वर्दळ असते. चार माणसांच्या घरची मोरी सणावारी वीस माणसांचे पाणी वाहते. त्यात भोवती भातखाचरे आणि पाऊस कोकणातला. अशा गावी मोरी तुंबण्याची तक्रार वरचेवर निघावी, यात नवल नाही.

मोरी तुंबली की बांबूची कामटी घालून ढोसण्याचा परिपाठ आहे. पाणी वाहू लागते व आठवड्याने पुन्हा थांबते. कारण ढोसल्याने गाळ निघत नाही, पुढे सरकतो. मग त्रासून अंगण खणले जाते, फरशी फुटते आणि दोष निराळ्याच जागी सापडतो. यासाठी कुदळ उचलण्यापूर्वी मोरी कोठे, केव्हा व कशाने तुंबली, याचा शोध घ्यावा.

न्हाणीची मोरी तुंबली असून स्वयंपाकघराची वाहत असेल, तर दोष न्हाणीतच, बहुधा नहाणी ट्रॅपमध्ये असतो. केस व साबणाचा साका तेथे साचतो. जाळी काढून हातानेच तो निघतो. सर्वच मोऱ्या एकदम तुंबल्या, तर घरापासून चेंबरची झाकणे क्रमाने उघडावीत. एक चेंबर भरलेले व पुढचे कोरडे आढळले, म्हणजे अडथळा त्या दोहोंमध्ये आहे. भरलेल्या चेंबरमधून कामटी घालावी. ती अडेल तेथे तिच्यावर खूण करून लांबी मोजावी. तेवढीच जागा खणणे पुरे होते.

कामटीला लागून काय येते, ते टाकून न देता पाहावे. काळा, चिकट, वाळूसारखा कचकचणारा लगदा आला, तर तो राख, भाताची शिते व तेलकटपणा यांचा होय. ऊन पाण्याबरोबर तेल पातळ होऊन वाहते खरे, पण पुढे नळात निवते आणि तेथेच थिजते. राख त्याला धरून बसते. तांबूस बारीक मुळ्या आल्या, तर सांधा उघडा पडून जवळच्या झाडाने पाण्याचा माग काढलेला असतो. तांबडी माती आल्यास नळ फुटलेला असण्याचा संभव अधिक. या दोन्ही दोषांत कॉस्टिक सोडा ओतणे व्यर्थ आहे. तो हात भाजतो आणि सांडपाण्यावरील केळी बिघडवतो.

काहीच विशेष न निघता मोरी वारंवार तुंबत असेल, तर उतार तपासावा. चार इंची नळास १० फुटांत सुमारे ३ इंच उतार असावा. त्याहून फार कमी असल्यास पाणी संथ वाहते व गाळ मागे ठेवते. गवंड्याजवळची पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून हे घटकाभरात कळते.

आता केव्हा, हा प्रश्न. चैत्रात उत्तम चालणारी मोरी आषाढात तुंबली, तर नळाला दोष देण्याची घाई करू नये. खाचरे भरली की जमिनीतील पाणी वर येते आणि शोषखड्डा बाहेरचे पाणी घेईनासा होतो. येथे तुंबली आहे ती जमीन! अशा वेळी न्हाणीधुणीचे पाणी उंच वाफ्यातील अळू, कर्दळ किंवा केळीकडे वळवावे. विहिरीपासून ते ५० फूट तरी दूर ठेवावे. शौचालयाचे पाणी त्यात मुळीच मिसळू नये. उलट, उन्हाळ्यातही खड्डा भरलेला राहिला, तर दगडांवर तेलकट गाळाचा थर बसला असे समजावे. दगड काढून, धुऊन पुन्हा भरावेत आणि खड्ड्याआधी लहान गाळकुंडी बांधावी. ती पंधरवड्याने उपसून गाळ कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येतो.

हा शोध लांबणीवर टाकण्याजोगा नाही. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ग्रामपंचायतीने मृगापूर्वीच घरोघरची चेंबरे उघडवून पाहावीत. एकदा पाऊस लागला की पाणी नळाचे, खड्ड्याचे की खाचराचे, हे ओळखणे अवघड होते.