मातीची भूक

उर्दूत 'खत' म्हणजे पत्र. मराठीत मात्र 'खत' म्हणजे पिकांचे अन्न. उर्दूत आपण त्याला 'खाद' म्हणतो. खते मुख्यतः दोन प्रकारची असतात. कारखान्यात तयार होते ते रासायनिक खत. शेण, पालापाचोळा, काडीकचरा कुजवून होते ते सेंद्रिय खत. रासायनिक खते व रासायनिक कीटकनाशके न वापरता केलेल्या शेतीला सेंद्रिय शेती म्हणतात.

रासायनिक खतांतून पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश ही द्रव्ये लगेच मिळतात. त्यामुळे पीक जोमाने वाढते. पण पिकाप्रमाणे मातीलाही भूक असते. तिच्यात असंख्य जिवाणू, बुरशी आणि गांडुळे राहतात. शेण आणि पालापाचोळा हे त्यांचे अन्न. हे अन्न कुजून जमिनीत काळसर ह्यूमस तयार होतो. ह्यूमसमुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत होते आणि पावसाचे पाणी आत मुरते. मातीला हे अन्न वर्षानुवर्षे मिळाले नाही, तर ती कडक होते. मग पाणी वरूनच वाहून जाते आणि सोबत मातीही नेते.

मातीला हे अन्न कसे द्यावे? अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करीत होते. त्यांनी काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचले. त्यांवर पाणी शिंपडले व ढीग अधूनमधून खालीवर केला. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार झाले. हीच प्रसिद्ध 'इंदूर पद्धत' होय.

मग उत्पन्नाचे काय? स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ १९७८ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. सेंद्रिय व नेहमीची अशा दोन्ही पद्धतींनी शेजारीशेजारी पिके घेतली गेली. एकवीस वर्षांनंतर सेंद्रिय जमिनीत गांडुळे जास्त आढळली. पीक मात्र सरासरी २० टक्के कमी आले. कारण सेंद्रिय खतातील द्रव्ये हळूहळू सुटतात आणि पिकाला तर ती वाढीच्या वेळी भरपूर लागतात.

म्हणूनच येथे घाई चालत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पुरेसे सेंद्रिय खत तयार नव्हते. भाताचे पीक खूप घटले. काही महिन्यांतच सरकारला बंदी मागे घ्यावी लागली.

ज्या शेतकऱ्याचे घर दोन एकरांवर चालते, त्याला एक हंगाम बुडणेही परवडत नाही. त्याने आधी जमिनीच्या एका तुकड्यात सेंद्रिय शेती करून पाहावी आणि मग हळूहळू पुढे जावे.

तुम्हीही एक प्रयोग करा. झाडाखालच्या मातीचे एक सुके ढेकूळ घ्या. दुसरे कडक, उघड्या जमिनीतले घ्या. दोन्ही पाण्याच्या पेल्यांत अलगद सोडा. कोणते ढेकूळ लवकर विरघळते ते पाहा. जे जास्त वेळ टिकेल, त्या मातीचे पोट भरलेले आहे असे समजा.