मातीचा उतार आणि कुलोंबचे गणित

निपाणीच्या एका वाचकाने विचारले आहे की, दगडी तट ढासळतो, सागवानी दरवाजा कुजतो, मग किल्ल्याच्या खंदकालगतचा मातीचा उतार तेवढा शतकानुशतके शाबूत कसा राहतो? प्रश्न मार्मिक आहे. आणि त्याचे गणिती उत्तर ज्याने प्रथम मांडले, त्याचे नाव आपण शाळेत विद्युत्भारांच्या नियमापुरतेच पाठ केलेले असते.

रट्ट राजघराण्याचा अधिकारी बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविलेला आणि आदिलशाहीत बळकट झालेला बेळगावचा भुईकोट, १८१८ साली इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या तोफांपुढे सुमारे तीन आठवडे टिकला, तो काही डोंगराच्या आश्रयाने नव्हे. भुईकोटाची भिस्त खंदकावर, आणि खंदक खणणाऱ्याच्या हाती मातीची रास आयतीच येते. १०६६ नंतर इंग्लंडात पाय रोवणाऱ्या नॉर्मन सरदारांनीही हाच हिशेब केला : वर्तुळाकार चर खणून त्या मातीची टेकडी रचावी, माथ्यावर लाकडी मनोरा उभारावा, पायथ्याशी कुडाचे आवार घालावे. मनोरे केव्हाच नाहीसे झाले. टेकड्या मात्र शेकड्यांनी उभ्या आहेत. यॉर्कच्या टेकडीवर पुढे दगडी मनोरा चढविला, तेव्हा चौदाव्या शतकात तोच तडकला!

मातीच्या या टिकाऊपणाचे गणित मांडणारा शार्ल कुलोंब हा मुळात फ्रेंच फौजेचा इंजिनियर. मार्टिनीक बेटावर किल्ला बांधण्यात प्रकृती खर्ची घालून तो मायदेशी परतला आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मातीच्या दाबावरील निबंध वाचला. विद्युत्भारांचे प्रयोग त्यानंतर बारा वर्षांनी आले. माती घसरू नये म्हणून दोन गोष्टी झटतात, असे त्याने दाखविले : कणाकणांतील घर्षण, जे वरच्या भाराबरोबर वाढते, आणि चिकटपणा, ज्याचा भाराशी संबंध नसतो. चिकटपणा पावसात भिजून विरतो, घर्षण मात्र टिकते. खळ्यावर ओतलेली ज्वारीची रास लहान असो वा मोठी, तिचा उतार एकाच कोनावर स्थिरावतो, तो या घर्षणामुळेच. या कोनाइतक्या किंवा त्याहून सौम्य उताराची माती, पाण्याचा निचरा होत असेल आणि वर गवताचे आच्छादन असेल, तर सहसा घसरत नाही. उभ्या भिंतीला मात्र पाठीमागच्या भरावाचा रेटा अहोरात्र सोसावा लागतो, आणि मुसळधार पावसात तो भराव पाण्याने तुंबला की तो रेटा कितीतरी वाढतो. पाण्याच्या या कारस्थानाचा पुरता छडा लावला तो १९२० च्या दशकात कार्ल तर्झागीने. त्यालाच मृदायांत्रिकीचा जनक म्हणतात, आणि कुलोंब बिचारा विजेच्या प्रकरणात अडकून पडतो. माझ्या मते हा अन्याय आहे.

हे गणित एका ठिकाणी मात्र हमखास मोडते. उताराचा पायथा मुरुमासाठी किंवा रस्त्यासाठी तोडला, की वरच्या मातीचा आधार सुटतो आणि सातशे वर्षांचा उतार एका पावसाळ्यात खाली येतो. म्हणून आपल्या गावच्या खंदकाकाठी कुदळ पडताना दिसली, तर निदान हरकतीचा एक अर्ज द्यावा.