हृदयाचा एमआरआय : फोटो हलला, दोष कुणाचा?

‘पेशंटने सहकार्य केले नाही’ असा शेरा रिपोर्टवर दिसला की मला राग येतो. गुडघा स्थिर ठेवता येतो. हृदय कसे ठेवणार? ते धडधडतेच, शिवाय प्रत्येक श्वासाबरोबर श्वासपटलासोबत एखाद-दोन सेंटिमीटर वरखाली सरकते. आणि या तपासणीत बहुतेक चित्रे एका क्षणात निघत नाहीत. अनेक ठोक्यांची माहिती जोडून एक चित्र तयार होते.

ठोक्यांसाठी छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतात. प्रत्येक ठोक्यातल्या नेमक्या त्याच टप्प्याची माहिती मशीन एकत्र करते. ठोके अनियमित असतील तर ही जुळणी बिघडते, म्हणून तसा त्रास असल्यास आधीच सांगा.

श्वासासाठी ‘श्वास सोडा, थांबा’ असे सांगतात. साधारण 10 ते 15 सेकंद, आणि तेही पुन्हा पुन्हा. श्वास सोडून थांबल्यावर हृदय दरवेळी जवळपास त्याच जागी येते. (विहारात आनापान करणाऱ्यांनो, तिथे श्वास नुसता पाहायचा असतो, इथे रोखायचा आहे. सराव वेगळा!) पण हृदय कमजोर झालेल्या, दम लागणाऱ्या माणसाला हे जमत नाही. त्यात मशीनचा खडखडाट, कानात इंग्रजी किंवा भरभर हिंदी सूचना. वस्तीतल्या आजीला ‘होल्ड’ कळले नाही, हा तिचा दोष कसा?

यावर उपाय आहेत. एका पद्धतीत मशीन श्वासपटलावर नजर ठेवते आणि ते ठरावीक जागी असतानाचीच माहिती घेते. वेळ जास्त लागतो, पण श्वास मोकळा राहतो. दुसरीत झटपट बरीच चित्रे काढतात. मग संगणक ती सरकवून एकावर एक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. यालाही मर्यादा आहे. चित्र बाजूला सरकले तर जुळवता येते. पण हृदयाचा पाहायचा भागच त्या कापातून निसटला, तर जे टिपलेच नाही ते संगणक कुठून आणणार?

प्रत्येक सेंटरवर या सोयी नसतात. असल्या तरी घाईत वापरतीलच असे नाही. म्हणून आत जाण्याआधी विचारा : “मला इतका वेळ श्वास रोखता येत नाही, मोकळ्या श्वासावर तपासणी होईल का?” सूचना मराठीत मागा, बाहेरच दोनदा सराव करून घ्या. आणि चित्रे नीट आली का, हे टेबलावरून उतरण्याआधी विचारा. बिघडलेला भाग तेव्हाच पुन्हा काढणे सोपे असते.