कृषीनगर : शिवारात वसलेले विद्यापीठ

अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अस्तित्वात आले. राहुरीचे विद्यापीठ त्याआधी १९६८ मध्ये सुरू झाले होते. परभणी आणि दापोलीची विद्यापीठे १९७२ मध्ये आली. अकोल्याचे विद्यापीठ मात्र सहजासहजी मिळाले नाही. ते विदर्भात व्हावे यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि त्या आंदोलनात अकोल्यात गोळीबारही झाला. विद्यापीठाला नाव मिळाले ते पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे. अमरावतीत १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारणारे आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब १९६५ मध्येच वारले होते. सुरुवातीचे नाव ‘पंजाबराव कृषी विद्यापीठ’ असे होते. ‘डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ’ हे पूर्ण नाव नंतर रूढ झाले, तरी विद्यार्थी, शेतकरी आणि ऑटोवाले आजही ‘पीकेव्ही’च म्हणतात. बियाण्यांच्या पिशवीवरही ‘पीकेव्ही’ किंवा ‘एके’ ही अक्षरे असतात. त्यातले ‘एके’ म्हणजे अकोला.

भारतातली कृषी विद्यापीठे अमेरिकेतल्या ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली. त्यांतले पहिले पंतनगरचे, १९६० चे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे असे विद्यापीठ इमारतींपेक्षा जमिनीवर जास्त पसरते. अकोल्याच्या विद्यापीठाच्या परिसरात, म्हणजे कृषीनगरमध्ये, वर्गखोली, वसतिगृह, बीजोत्पादनाचे शेत, गोठा, फळबाग आणि प्राध्यापकांची घरे एकाच कुंपणात आहेत. विद्यार्थ्यांना जे आवडते आणि जे नकोसे होते, ते बहुतेक सगळे या एका गोष्टीतून निघते. शेत जवळ असल्यामुळे शिक्षण जिवंत राहते, आणि त्या शेताचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या सोयीने चालत नाही.

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र विदर्भाचे अकराही जिल्हे. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे, म्हणजे विद्यापीठापेक्षा सहा दशकांनी मोठे. तरीही ते अकोल्याच्या अखत्यारीत येते, आणि नागपूरकर विद्यार्थी ही ज्येष्ठता अधूनमधून ऐकवतात. प्रवेश सामाईक परीक्षेतून होतो. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे अधिभार देण्याची पद्धत राज्यात राहिली आहे. त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांनी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन पुस्तकात वाचण्याआधी बांधावरून पाहिलेले असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची मुले धानाच्या मुलखातून येतात, बुलडाणा-वाशीमची ज्वारी-कापसाच्या. मेसमध्ये भात किती आणि पोळ्या किती, या वादाचे मूळ पीकपद्धतीत असते. वऱ्हाडी आणि झाडी बोलीची चेष्टामस्करी पहिल्या सत्रात सुरू होते आणि चौथ्या वर्षापर्यंत दोन्हीकडचे शब्द एकमेकांच्या तोंडी बसलेले असतात. ही सरमिसळ बहुतेकांना पुढे सर्वांत जास्त आठवते.

पदवीची चार वर्षे आठ सत्रांत विभागलेली आहेत. प्रत्येक विषयापुढे ‘२+१’ किंवा ‘१+१’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा व्याख्यानाचा, दुसरा प्रात्यक्षिकाचा, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. अशा विषयांची संख्या चाळिशीच्या पुढे जाते. कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, पशुसंवर्धन, कृषी अभियांत्रिकी आणि सांख्यिकी हे सगळे एकाच पदवीत येते. सकाळी मातीचा सामू मोजायचा, दुपारी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची आकृती काढायची आणि संध्याकाळी बाजारभावाचा निर्देशांक काढायचा, असा दिवस जातो. कोणत्याच विषयात खोल जाता येत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. मात्र बँकेची किंवा लोकसेवा आयोगाची परीक्षा देताना हाच फैलाव कामी येतो, हेही तितकेच खरे.

प्रात्यक्षिकांत सर्वांत लक्षात राहतो तो कीटकसंग्रह. हातात जाळी घेऊन विद्यार्थी सकाळी शेतात फिरतात, पकडलेला कीटक विषारी वाफेच्या बाटलीत मारतात, टाचणीवर ताणून सुकवतात आणि त्याची शास्त्रीय ओळख लिहितात. तणांचा संग्रहही करावा लागतो. गाजरगवत, कुंदा, हरळी आणि लव्हाळा वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायचे. सत्राच्या शेवटी ‘स्पॉटिंग’ची परीक्षा असते. टेबलावर ओळीने नमुने मांडलेले, घंटा वाजली की पुढच्या नमुन्याकडे सरकायचे. बियाणे हातात घेऊन ते ज्वारीच्या कोणत्या वाणाचे आहे हे सांगणे सोपे नसते, पण ज्याला ते जमते त्याला वर्गात वेगळा मान मिळतो. प्रात्यक्षिकाच्या वह्या पूर्ण करण्याची दगदग मात्र कोणालाच आवडत नाही. वसतिगृहात वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे सर्वांत निष्ठेने जाणारा वारसा म्हणजे या वह्याच.

कृषीनगरची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की शेतातून परतणारा विद्यार्थी बोटभर उंच झालेला असतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणे ही बातमी नसते. उन्हाळी सत्राच्या परीक्षा याच काळाच्या आसपास येतात, आणि वसतिगृहाच्या खोलीत कूलर नसला तर रात्रीचा अभ्यास गच्चीवर होतो. पाण्याचा प्रश्नही आहेच. शहराची मदार महानच्या काटेपूर्णा धरणावर आणि ते न भरल्यास सगळे अकोला शहर पाण्याचे दिवस मोजते. अकोल्याभोवतीचा पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा विद्यार्थ्याला मृदाशास्त्राच्या पुस्तकात भेटतो आणि गावोगावच्या विहिरींतही. उन्हाळ्याबद्दल एकही माजी विद्यार्थी चांगले बोलत नाही. हिवाळ्याची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत हुरडा येतो, हरभरा घाट्यांवर येतो, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जातात आणि वांग्याच्या भाजीसोबत शेतातच पंगत बसते. शहरातल्या महाविद्यालयात हे मिळत नाही, आणि कृषीनगरच्या मुलांना त्याचा अभिमान असतो.

पदवीच्या सातव्या सत्रात येणारा ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘रावे’, हा या शिक्षणाचा सर्वांत चर्चेचा भाग. ऐन खरिपात विद्यार्थ्यांचे गट गावांत जातात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या, आणि त्या महिन्यांत स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर त्यांच्या प्रात्यक्षिकांच्या बातम्या आणि गटाचे फोटो रोज झळकतात. गावाचा नकाशा काढणे, मातीचे नमुने घेणे, रायझोबियम आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया दाखवणे, निंबोळी अर्क तयार करणे, अझोल्याचे वाफे लावणे, ही ठरलेली कामे. सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्याचे प्रात्यक्षिक बहुधा सर्वांत उपयोगी ठरते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उगवलेले मोजायचे. सत्तर निघाले तर शिफारशीतले बियाणे पुरते, कमी निघाले तर त्या प्रमाणात जास्त पेरावे लागते. घरचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्याचे हजारो रुपये यात वाचतात.

‘रावे’मध्ये विद्यार्थ्यांची खरी परीक्षा भाषेची होते. तीन वर्षे सगळे इंग्रजीत शिकलेले असते. पुष्कळांनी मराठी माध्यमातून येऊन पहिल्या वर्षी त्या इंग्रजीशी झुंज दिलेली असते. आता तेच ज्ञान पारावर बसलेल्या माणसाला वऱ्हाडीत सांगायचे असते. ज्याला ‘जर्मिनेशन’ पाठ आहे त्याला ‘किती दाने उगवले’ हे सहज विचारता येतेच असे नाही. दुसरी अडचण याहून मोठी. शेतकरी विचारतो तो प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. कापसाला यंदा भाव काय मिळेल, गुलाबी बोंडअळी परत आली तर काय करायचे, रोह्यांचा कळप रात्री शेतात शिरतो तो कसा रोखायचा, हे प्रश्न २०१७ नंतर आणखी टोकदार झाले. त्या वर्षी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे मोठे नुकसान केले आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. सत्राअखेर काही विद्यार्थी ‘रावे’ला नुसती औपचारिकता म्हणतात. फोटोपुरती उरकलेली प्रात्यक्षिके पाहिली तर त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गावात राहून एखाद्या घरी रोज भाकर खाल्लेला विद्यार्थी असे सहसा म्हणत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्याचे जग याहून अरुंद आणि अधिक कष्टाचे. त्याचा प्रबंध शेतातल्या वाफ्यांवर उभा असतो. वेगवेगळ्या उपचारांचे वाफे यादृच्छिक क्रमाने मांडायचे आणि प्रत्येकाची पुनरावृत्ती करायची, ही इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला रोनाल्ड फिशर यांनी बसवलेली पद्धत. पेरणीनंतर ठरलेल्या दिवशी झाडाची उंची, फांद्या, पाने, शेंगा मोजाव्याच लागतात. मग त्या दिवशी दिवाळी असो की बहिणीचे लग्न. पाऊस लांबला तर सगळे वेळापत्रक घसरते. एका रात्रीत रानडुकरे शिरली तर पूर्ण हंगामाची आकडेवारी जाते आणि पदवी एक वर्ष पुढे ढकलली जाण्याची वेळ येते. यावर उतारा म्हणून विद्यार्थी शेतमजुरांशी संधान बांधून असतात. वाफ्याची राखण कोण करतो, हे मार्गदर्शकापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असते. हे काम नकोसे म्हणणारेच पुढे आपल्या नोंदींवर आधारलेली शिफारस संयुक्त कृषी संशोधन समितीच्या बैठकीत मंजूर झाली की पेढे वाटतात.

वर्षातले उत्साहाचे दिवस दोन. स्थापनादिनाच्या आसपास होणाऱ्या शिवारफेरीत विदर्भभरचे शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून प्रक्षेत्र पाहायला येतात. जिवंत पिकांसमोर उभे राहून वाणाचे गुण सांगणे हे विद्यार्थ्यांचे काम असते. डिसेंबरअखेर, पंजाबरावांच्या २७ डिसेंबरच्या जयंतीला धरून ‘ॲग्रोटेक’ प्रदर्शन भरते. पीकेव्हीची छोटी डाळमिल पाहायला तिथे हमखास गर्दी असते. तूर पिकवणाऱ्या मुलखात डाळ गावातच व्हावी, या गरजेतून हे यंत्र विद्यापीठात घडले आणि महिला बचत गटांपर्यंत पोहोचले. अभियांत्रिकी शाखेची मुले ते हक्काने दाखवतात.

अमरावतीच्या विद्यार्थ्याशी तुलना केली की अकोल्याचे वेगळेपण लगेच दिसते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. त्याचा मार्डी रस्त्यावरचा परिसर झाडीचा आहे, इतका की बिबट्या तिथे अधूनमधून दर्शन देतो. परंतु हे संलग्नतेचे विद्यापीठ. पुसद किंवा मेहकरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याने तो परिसर कधी पाहिलेला नसतो. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे प्रवेशपत्र, प्रश्नपत्रिका आणि निकाल. त्यामुळे त्याचा राग उशिरा लागणाऱ्या निकालावर आणि पुनर्मूल्यांकनाच्या फेऱ्यांवर असतो. कृषीनगरच्या विद्यार्थ्याची तक्रार उलट दिशेची. इथे उपस्थितीचा हिशेब ठेवणारा, पेपर तपासणारा आणि संध्याकाळी रस्त्यात भेटणारा प्राध्यापक एकच असतो. ओळख पटकन होते, आणि नाराजी ओढवून घेतली तर चार वर्षे पुरते.

अलीकडच्या काळातली मोठी तक्रार प्राध्यापकांच्या रिक्त पदांची आहे. राज्यातली चारही कृषी विद्यापीठे ती अनुभवत आहेत. एकाच शिक्षकाकडे दोन विषय, एखादी संशोधन योजना आणि वसतिगृहाची देखरेख असते. प्रात्यक्षिके त्यात आक्रसतात, म्हणजे जी गोष्ट या शिक्षणाचे बलस्थान, तिलाच कात्री लागते. दुसरीकडे खासगी कृषी महाविद्यालये वाढल्याने पदवीधरांची संख्या फुगली, नोकऱ्या तितक्या वाढल्या नाहीत.

म्हणूनच तिसऱ्या वर्षापासून वाचनालयाच्या टेबलांवर विषयाच्या पुस्तकांपेक्षा स्पर्धा परीक्षांची पुस्तके जास्त दिसतात. महाराष्ट्र कृषी सेवा, राज्यसेवा, वनसेवा, बँकेतला कृषी अधिकारी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ती हे नेहमीचे मार्ग. काही जण ‘महाबीज’सारख्या बियाणे संस्थांकडे वळतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या त्या महामंडळाचे मुख्यालय अकोल्यातच आहे. काही कीटकनाशक कंपन्यांच्या विक्री विभागात जातात आणि मोटारसायकलवर तीच गावे पालथी घालतात जिथे ते कृषिदूत होते. बरेच जण तालुक्याच्या ठिकाणी कृषी सेवा केंद्र काढतात, कारण खते आणि कीटकनाशकांच्या परवान्यासाठी आता कृषी शिक्षणाची अट आहे. स्वतःच्या शेतावर परतणारे कमी. त्यांतले काही बीजोत्पादक होतात आणि पुढच्या शिवारफेरीत ट्रॉलीतून उतरतात.